तापाची ओळख पटवणारे विडाल

मुलांनो, पावसाळ्याच्या दिवसांत एखाद्याचा ताप चार-पाच दिवसांत उतरला नाही, की डॉक्टर रक्त तपासून आणायला सांगतात. पेण असो की रोहा, तपासणी केंद्रातून मिळणाऱ्या चिठ्ठीवर बहुधा विडाल हा शब्द असतो. त्याच्याखाली ओ आणि एच ही दोन अक्षरे आणि त्यांच्यापुढे काही आकडे. घरातील मोठी माणसे ती चिठ्ठी उलटसुलट करून पाहतात आणि मग विचारतात की टायफॉइड निघाला की नाही.

विडाल हे औषधाचे नाव नाही, रोगाचेही नाही. ते एका माणसाचे नाव आहे. हा माणूस कोण होता आणि त्याचे नाव आपल्या रायगड जिल्ह्यातील चिठ्ठीवर कसे आले, ते आज आपण वाचणार आहोत.

फर्नांद विडाल यांचा जन्म ९ मार्च १८६२ रोजी आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील अल्जीरिया देशात झाला. दलिस नावाचे एक लहानसे बंदर आहे, तेच त्यांचे जन्मगाव. त्या काळी अल्जीरियावर फ्रान्सचे राज्य होते. (तो देश स्वतंत्र झाला १९६२ साली, म्हणजे विडाल यांच्या जन्मानंतर बरोबर शंभर वर्षांनी.) विडाल यांचे कुटुंब यहुदी होते आणि वडील सैन्यात डॉक्टर होते. फर्नांदनेही वैद्यकाचीच वाट धरली आणि शिक्षणासाठी तो पॅरिसला गेला.

त्या वेळचे पॅरिस म्हणजे वैद्यकशास्त्राची मोठी पाठशाळाच होती. रोग सूक्ष्म जीवांमुळे होतात हे लुई पाश्चर यांनी जगाला पटवून दिले होते. १८८५ साली त्यांनी पिसाळलेला कुत्रा चावलेल्या मुलाला लस टोचून वाचवले, तेव्हा विडाल तेवीस वर्षांचे होते. अशा काळात तरुण विद्यार्थ्याच्या हाती सूक्ष्मदर्शक यंत्र आले, तर तो त्याला सहजासहजी सोडणार नाही. विडाल यांनीही सोडले नाही. मात्र ते केवळ प्रयोगशाळेत बसून राहणारे नव्हते. सकाळी रुग्णालयात रुग्णाच्या खाटेजवळ आणि नंतर काचेच्या नळ्यांजवळ, अशी त्यांची दोन्हीकडे ये-जा असे. ही ये-जा लक्षात ठेवा, कारण पुढे तीच त्यांच्या उपयोगी पडली.

आता थोडे त्या रोगाविषयी. टायफॉइडला मराठीत विषमज्वर म्हणतात. जुन्या लोकांच्या तोंडी मुदतीचा ताप हे नाव आहे. तुमच्या घरी त्यालाच मियादी बुखार म्हणत असतील. मुदत आणि मियाद हे दोन्ही शब्द मूळ अरबी. एक मराठीने आपलासा केला, एक उर्दूने. अर्थ एकच, की हा ताप आपली ठरलेली मुदत पुरी करूनच जातो. तीन आठवडे, कधी चार. पहिल्या आठवड्यात तो चढत जातो, दुसऱ्यात ठाण मांडून बसतो आणि तिसऱ्यात आतड्याला जखमा होऊन रक्त जाण्याची किंवा आतड्याला भोक पडण्याची भीती असते. हा रोग ज्या जीवाणूमुळे होतो, तो रुग्णाच्या शौचावाटे बाहेर पडतो आणि पाणी किंवा अन्न दूषित झाले की दुसऱ्याच्या पोटात जातो. जर्मन शास्त्रज्ञ एबेर्ट यांनी हा जीवाणू १८८० मध्ये पाहिला आणि गाफ्की यांनी १८८४ मध्ये तो प्रयोगशाळेत वाढवून दाखवला.

जीवाणू सापडला, मग अडचण कोणती राहिली? अडचण अशी, की तापलेला माणूस समोर आला की तो ताप कशाचा हे सांगता येत नसे. सुरुवातीचे काही दिवस विषमज्वर, हिवताप, क्षय, फ्लू हे सारे एकमेकांसारखेच दिसतात. डॉक्टर जीभ पाहत, नाडी मोजत, पोट चाचपून पाणथरी वाढली आहे का ते बघत आणि वाट पाहत. दोन आठवडे गेले की रोग आपोआप ओळखू येई, पण तोवर फार उशीर झालेला असे.

तुम्ही विचाराल, की तेव्हा या रोगावर औषधच नव्हते, मग नाव आधी कळून काय उपयोग? प्रश्न योग्य आहे. टायफॉइडवर चालणारे पहिले प्रतिजैविक औषध १९४८ मध्ये वापरात आले. परंतु हिवतापावर क्विनीन होते. हिवतापाच्या रुग्णाला ते वेळेवर मिळाले नाही तर तो दगावे, आणि विषमज्वराच्या रुग्णाला ते देऊन काहीच लाभ होत नसे. दुसरे असे, की विषमज्वराचा रुग्ण ओळखता आला तर त्याला अंथरुणातून उठू न देणे, हलका आहार देणे, त्याचे कपडे व भांडी वेगळी ठेवणे आणि घरातील पाणी उकळणे एवढे तरी करता येई. एका माणसाच्या तापाचे खरे नाव कळले तर साऱ्या आळीची विहीर वाचू शके.

विडाल या रोगाच्या मागे आधीपासूनच लागले होते. १८८८ साली आंद्रे शांतमेस या सहकाऱ्याबरोबर त्यांनी एक प्रयोग केला. विषमज्वराचे जीवाणू उष्णतेने मारून ते प्रयोगशाळेतील प्राण्यांना टोचले. नंतर त्याच प्राण्यांना जिवंत जीवाणू टोचले, तरी ते बचावले. विषमज्वराच्या लसीकडे टाकलेले ते पहिल्यापैकी एक पाऊल होते.

१८९६ साल उजाडले. व्हिएन्ना शहरात माक्स फॉन ग्रुबर नावाचे प्राध्यापक होते. त्यांनी आणि त्यांचे इंग्रज विद्यार्थी हर्बर्ट डरहॅम यांनी एक चमत्कारिक गोष्ट पाहिली होती. एखादा जीवाणू टोचलेल्या प्राण्याच्या रक्तातील पाणी, म्हणजे सीरम, घेऊन ते त्याच जीवाणूंच्या द्रवात मिसळले, की मोकळे पोहणारे जीवाणू एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. सीरम म्हणजे काय ते सोपे आहे. रक्त नळीत स्थिर ठेवले की गोठते आणि वर पिवळसर निवळ पाणी सुटते, तेच सीरम. शरीरात जीवाणू शिरला की शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंड नावाचे पदार्थ तयार करते. ते या पाण्यात असतात आणि तेच जीवाणूंना एकत्र बांधतात. ग्रुबर यांचा हेतू वेगळा होता. ओळखीचे सीरम हाती घेऊन अनोळखी जीवाणू ओळखता येईल, असे त्यांना वाटत होते.

विडाल यांनी हीच गोष्ट उलटी फिरवली. जीवाणू ओळखीचा घ्यायचा आणि सीरम अनोळखी. समोर तापाचा रुग्ण आहे, ताप कशाचा ते ठाऊक नाही. त्याच्या रक्ताचा थेंब घ्या, सीरम काढा आणि ते विषमज्वराच्या जिवंत, वळवळणाऱ्या जीवाणूंत मिसळा. सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. जीवाणू पूर्वीसारखेच पोहत राहिले, तर या रक्ताची आणि त्यांची ओळख नाही. ते थबकले, एकमेकांना चिकटले, बेटांसारखे पुंजके दिसू लागले, तर रुग्णाच्या शरीराची या जीवाणूशी गाठ पडलेली आहे.

यात एक अडथळा होता. अशी शक्ती रोगातून बरे झाल्यावरच रक्तात येते, असा तेव्हा बऱ्याच जणांचा समज होता. तसे असते तर ही तपासणी निरुपयोगी ठरली असती, कारण बरे झाल्यावर रोग ओळखून करायचे काय? विडाल यांनी अंथरुणावर पडलेल्या, ताप चालू असलेल्या रुग्णांचेच रक्त घेतले आणि पुंजके होतात असे दाखवले. २६ जून १८९६ रोजी पॅरिसच्या रुग्णालयांतील डॉक्टरांच्या सभेत त्यांनी हे मांडले.

पण मुलांनो, कल्पना सुचणे आणि तपासणी तयार होणे यांत बरेच अंतर असते, आणि माझ्या मते विडाल यांचे खरे काम त्या अंतरातच झाले. समजा, दहा विषमज्वराच्या रुग्णांचे रक्त तपासले आणि दहाही वेळा पुंजके दिसले. तपासणी सिद्ध झाली का? नाही. पुंजके निरोगी माणसाच्या रक्तानेही होत असतील तर? क्षयाच्या किंवा न्यूमोनियाच्या रुग्णाच्या रक्ताने होत असतील तर? म्हणून ज्यांना हा रोग खात्रीने नाही अशांचेही रक्त तपासावे लागते. विडाल यांनी तसे केले. निरोगी माणसे आणि इतर रोगांचे रुग्ण अशा दोन्हींचे रक्त त्यांनी जीवाणूंत मिसळून पाहिले. रुग्णालयात रोजची ये-जा असल्यामुळे सर्व प्रकारचे रुग्ण त्यांच्या हाताशी होते.

आणखी एक शंका. जीवाणू आपले आपणच चिकटत असतील तर? जुनाट झालेले जीवाणू कधी कधी तसे वागतात. म्हणून शेजारी दुसरी नळी ठेवायची, तिच्यात तेच जीवाणू पण सीरम मुळीच नाही. त्या नळीतही पुंजके झाले, तर त्या दिवसाची सारी तपासणी रद्द. विज्ञानाच्या प्रयोगात तुम्ही दोन कुंड्या ठेवता, एक उजेडात आणि एक अंधारात, तसाच हा प्रकार आहे.

सर्वांत कठीण प्रश्न प्रमाणाचा होता. सुरुवातीला विडाल सीरमच्या एका थेंबाला जीवाणूंच्या द्रवाचे दहा थेंब घेत. लवकरच दिसून आले, की इतके दाट सीरम घेतले तर कधी कधी रोग नसलेल्याचे रक्तही पुंजके करते. मग सीरम अधिकाधिक पातळ करून पाहू लागले. वीसपट, पन्नासपट, शंभरपट. जितके पातळ करूनही पुंजके होतात, तितके प्रतिपिंड जास्त. आजच्या चिठ्ठीवर ८० किंवा १६० असे जे आकडे दिसतात, ते नेमके हेच सांगतात. इतक्या पट पातळ केले तरी या सीरमने जीवाणू एकत्र बांधले.

बातमी झपाट्याने पसरली. काही महिन्यांतच निरनिराळ्या देशांतील डॉक्टर आपापल्या रुग्णांवर ही तपासणी करून पाहू लागले. कॅनडात मॉन्ट्रियल शहरातील वायट जॉन्स्टन यांनी तर त्याच वर्षी एक युक्ती काढली. दूरच्या गावातील डॉक्टरने रक्ताचा एक थेंब कागदावर वाळवायचा आणि तो कागद टपालाने शहरातील प्रयोगशाळेत पाठवायचा. तिथे थेंब पाण्यात भिजवून तपासायचा. प्रयोगशाळा गावापर्यंत पोचत नसेल, तर गावाचे रक्त पाकिटातून प्रयोगशाळेत जाई. मला ही युक्ती फार आवडते.

श्रेयावरून वाद झालाच. ग्रुबर यांचे म्हणणे होते, की मूळ शोध त्यांचा. त्यांच्याजवळ काम करणारे ग्रुनबाउम या डॉक्टरांनीही माणसाच्या रक्तावर असे प्रयोग केले होते, पण त्यांना फार थोडे रुग्ण मिळाले आणि त्यांचा लेख विडाल यांच्यानंतर प्रसिद्ध झाला. जर्मन भाषेच्या पुस्तकांत या तपासणीला ग्रुबर-विडाल असे जोडनाव दिलेले आढळते. ते न्यायाचे आहे असे मला वाटते. तरीही रुग्णाच्या उशाशी उभे राहून ती पारखून घेतली विडाल यांनी, आणि जगाने त्यांचे नाव ठेवले.

पुढे अनुभव वाढत गेला तसे तपासणीचे दोषही उघडे पडले. पहिल्या आठवड्यात रक्तात प्रतिपिंड पुरेसे नसतात, म्हणून खरा रोग असूनही तपासणी नाही म्हणू शकते. एकदा रोग होऊन गेला की प्रतिपिंड महिनोन्महिने रेंगाळतात, म्हणून जुना रोगही नव्यासारखा दिसतो. त्याच कुळातील दुसरा जीवाणू अंगात असेल तरी थोडेफार पुंजके होतात. आणि ज्याने लस घेतली आहे त्याच्या रक्तानेही होतात. गंमत पाहा. ज्या लसीच्या वाटेवर विडाल यांनी स्वतः पाऊल टाकले होते, तीच लस त्यांच्या तपासणीला चकवू लागली.

चिठ्ठीवरील ओ आणि एच ही अक्षरेही नंतर आली. पहिल्या महायुद्धाच्या काळात वाइल आणि फेलिक्स हे दोघे संशोधक दुसऱ्याच एका जीवाणूवर काम करत होते. काचेच्या बशीत त्याची एक जात अशी पसरे, की आरशावर श्वास सोडल्यावर जशी वाफ धरते तसे दिसे. दुसरी जात तशी पसरत नसे. श्वासाच्या वाफेसाठी जर्मन शब्द हाउख, त्यातले पहिले अक्षर एच. वाफेशिवाय म्हणजे ओने हाउख, त्यातले ओ. पुढे कळले, की एच म्हणजे जीवाणूला पोहायला मदत करणारे शेपटीसारखे तंतू आणि ओ म्हणजे त्याचे अंग. शरीर या दोन्हींविरुद्ध वेगवेगळे प्रतिपिंड बनवते. म्हणून विडाल यांच्या तपासणीतही दोन्ही वेगळे मोजू लागले.

विडाल एवढ्यावर थांबले नव्हते. मूत्रपिंडाच्या रोगात अंगाला सूज येते. ही सूज मिठामुळे वाढते, हे त्यांनी १९०३ च्या सुमारास दाखवून दिले. रुग्णाच्या आहारात मीठ घातले की सूज चढे, काढले की उतरे. आज तुमच्या दादाजान किंवा नानीजान यांना डॉक्टर मीठ कमी करा म्हणतात, त्या सल्ल्यामागे विडाल यांचाही हात आहे. पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैनिकांना विषमज्वराची लस देण्याच्या कामात त्यांनी भाग घेतला. १९१८ पासून ते पॅरिसच्या विद्यापीठात चिकित्साशास्त्राचे प्राध्यापक होते. १९२२ मध्ये काही लोकांना ॲस्पिरिनने दमा कसा होतो याचे वर्णन त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिले. १४ जानेवारी १९२९ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले.

तपासणी मात्र त्यांच्यामागेही चालत राहिली. ती स्वस्त आहे, तिला मोठी यंत्रे लागत नाहीत आणि निकाल लवकर मिळतो. म्हणून भारतातील लहान-लहान गावांच्या तपासणी केंद्रांपर्यंत ती पोचली. परंतु आपल्याकडे तिची एक खास अडचण आहे. जिथे पाणी वरचेवर दूषित होते तिथे बऱ्याच निरोगी लोकांच्याही रक्तात थोडेफार प्रतिपिंड असतात. पावसाळ्यात विहिरीत ओढ्याचे पाणी शिरते, नळाच्या फुटक्या पाइपात गटार झिरपते, आणि माणसाला नकळत या जीवाणूची किंवा त्याच्या भाऊबंदांची गाठ पडून जाते. पॅरिसमध्ये जो आकडा रोगाचा, तो आपल्या तालुक्यात निरोगी माणसाचाही असू शकतो. म्हणून कोणता आकडा रोगाचा मानायचा, हे त्या त्या भागातील निरोगी लोकांचे रक्त तपासूनच ठरवावे लागते.

एक हिशेब करून पाहा. समजा, शंभर तापाचे रुग्ण आले आणि त्यांतील पाचच जणांना खरा विषमज्वर आहे. तपासणीने त्या पाचांपैकी चौघांना पकडले. उरलेल्या पंच्याण्णवांपैकी दहा जणांना तिने चुकून होय म्हटले. म्हणजे होय लिहिलेल्या चिठ्ठ्या चौदा आणि खरे रुग्ण त्यांत केवळ चार. बाकीचे दहा जण विनाकारण प्रतिजैविके घेतील आणि त्यांचा खरा रोग, कदाचित हिवताप किंवा डेंग्यू, बाजूलाच राहील. शिवाय अशी औषधे नको तिथे घेतली गेली की जीवाणू त्यांना दाद देईनासे होतात. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा रक्त तपासले आणि आकडा चौपट वाढला, तर मात्र त्या होयला बरेच वजन येते. पण दुसऱ्यांदा तपासायला येतो कोण? ताप उतरला की माणूस शेतावर किंवा कामावर जातो.

याहून भरवशाची पद्धत म्हणजे रक्तातील जीवाणूच वाढवून पाहणे, जिला कल्चर म्हणतात. रक्त पोषक द्रवाच्या बाटलीत घालून उबेत काही दिवस ठेवतात आणि जीवाणू वाढला की तो ओळखतात. येथे चुकून होय येण्याची शक्यता फार कमी असते. पण हीसुद्धा शंभर खऱ्या रुग्णांपैकी सुमारे साठांनाच पकडते. आधीच औषध घेतलेले असेल तर त्याहूनही कमी. तेव्हा विडाल तपासणी किती खरी हे ज्या गजाने मोजायचे, तो गजच थोडा आखूड आहे. नव्या तपासण्या आल्या तरी ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ साली जगात सुमारे ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि १ लाख १० हजार दगावले.

२०१८ साली आपल्या शेजारच्या नवी मुंबईत महानगरपालिकेने टायफॉइडच्या नव्या लसीची मोहीम घेतली. शासकीय पातळीवर ही नवी लस मुलांना देण्याची ती जगातील पहिलीच मोहीम होती. ९ महिन्यांपासून १४ वर्षांपर्यंतच्या सुमारे १ लाख १३ हजार मुलांना लस टोचली गेली. शहराच्या काही भागांत ती आधी दिली आणि बाकीच्या भागांत नंतर, म्हणजे दोन्हींची तुलना करता यावी. मग लस कितपत उपयोगी पडली हे पाहण्यासाठी ताप आलेल्या मुलांचे रक्त घेण्यात आले. तिथे विडाल तपासणीवर विसंबून चालणार नव्हते. संशोधकांनी रक्त कल्चरच्या बाटल्यांत भरले आणि जीवाणू वाढतो का, याची वाट पाहिली.